पाणी, शब्द आणि संमती

हैदराबादचं जामबाग मराठी माणसाला ठाऊक असतं ते विवेकवर्धिनीमुळे आणि सगळ्या शहराला ठाऊक असतं ते फुलबाजारामुळे. तिथून मोअज्जम जाही मार्केट, आबिड्स करत गनफाउंड्रीला पोचलं की सेंट जोसेफ कॅथेड्रल लागतं. फुलांचा एवढा सुकाळ असलेल्या या भागातल्या एखाद्या हौशी आजीनं नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी गुलाबपाणी आणलं, तर ते चालेल का? प्रश्न नवा नाही. तेराव्या शतकात धर्मचिंतक थॉमस अक्वायनसनं त्याचा निकाल लावून ठेवला आहे. गुलाबपाणी हा फुलांचा अर्क, ते पाणी नव्हे. त्यानं बाप्तिस्मा होत नाही. विहिरीचं, नदीचं, समुद्राचं, पावसाचं, महापालिकेच्या नळाचं, कुठलंही साधं पाणी मात्र चालतं. ते आशीर्वादित असावं असा नियम आहे. पण बाळ अत्यवस्थ असेल तर तेवढीही अट उरत नाही.

कॅथलिक चर्च बाप्तिस्म्याकडे दोन अंगांनी पाहतं. संस्कार मुळात घडला का, हा पहिला प्रश्न. तो रीतसर घडला का, हा दुसरा. पहिल्याच्या अटी मोजक्या: खरं पाणी, ठरलेले शब्द, आणि चर्च जे करतं तेच आपण करतो आहोत हा देणाऱ्याचा हेतू. मोठ्या माणसाच्या बाबतीत घेणाऱ्याची इच्छाही लागते. फादर बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी ओततात. ते कातडीवरून वाहायला हवं. नुसते केस ओले झाले, तर शंका उरते. आणि जो पाणी ओततो त्यानंच, ओततानाच, शब्द उच्चारायचे: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो. एकानं ओतायचं आणि दुसऱ्यानं बोलायचं, हे चालत नाही.

या शब्दांवरून अलीकडेच मोठी खळबळ झाली. ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हटलं, तर तो बाप्तिस्माच नव्हे, असं व्हॅटिकननं ऑगस्ट 2020मध्ये जाहीर केलं. सगळा समाज मिळून बाळाला सामावून घेतो, या चांगल्या भावनेतून कुणीकुणी ‘आम्ही’ म्हणत असत. व्हॅटिकनचं म्हणणं असं, की तिथे बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त. माणसांचा समूह त्याच्या जागी उभा राहू शकत नाही. अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये 2017 साली धर्मगुरू झालेल्या एका तरुणानं हे वाचून स्वतःच्या बाप्तिस्म्याची घरगुती चित्रफीत पाहिली आणि त्यात डीकन, म्हणजे धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक, ‘आम्ही’ म्हणताना ऐकू आला. बाप्तिस्मा नाही म्हणजे पुढचा कुठलाच संस्कार नाही. तो धर्मगुरूही नव्हता! त्याच महिन्यात त्याला सगळे संस्कार नव्यानं मिळाले. तीन वर्षांत त्यानं अर्पण केलेल्या मिस्सा आणि ऐकलेली पापनिवेदनं मात्र ग्राह्य धरली गेली नाहीत. त्यानं दिलेले बाप्तिस्मे तेवढे टिकले. कारण बाप्तिस्मा देण्यासाठी धर्मगुरू असावंच लागतं, असं नाही.

हैदराबादकरांसाठी यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. शहराला लागूनच 2017 साली स्थापन झालेला, कॅथलिक चर्चमधल्याच सिरो-मलबार पंथाचा शमशाबाद धर्मप्रांत आहे. त्यांच्या पूर्वेकडच्या परंपरेत ‘मी’ हा शब्दच येत नाही. ‘अमुक याला बाप्तिस्मा दिला जात आहे’ अशी रचना असते. तो बाप्तिस्मा पूर्ण वैध. एकाच शहरात दोन वेगळी वाक्यं चालतात, आणि तिसरं, सगळ्यात आपुलकीचं वाटणारं, चालत नाही.

बाप्तिस्मा कोण देऊ शकतं? नेहमीच्या वेळी बिशप, धर्मगुरू, डीकन. अडचणीच्या वेळी कुणीही. जामबागेजवळच सुलतान बाजारला सरकारी प्रसूतिगृह आहे. तिथे एखादं कॅथलिक नवजात बाळ अखेरच्या घटका मोजत असेल आणि आईच्या विनंतीवरून एखाद्या हिंदू किंवा मुस्लिम परिचारिकेनं चमचाभर पाणी कपाळावर ओतून योग्य ते शब्द म्हटले, तर तो बाप्तिस्मा कॅथेड्रलमधल्या बाप्तिस्म्याइतकाच पक्का. बाप्तिस्मा न झालेल्या माणसानं दिलेला बाप्तिस्मा धरायचा का, असं बल्गेरियाच्या लोकांनी विचारलं, तेव्हा 866 साली पोप निकोलस पहिले यांनी होकारार्थी उत्तर दिलं होतं. त्याआधी पाखंडी मंडळींनी दिलेल्या बाप्तिस्म्यावरून कार्थेजचे बिशप सिप्रियन आणि पोप स्टीफन यांच्यात तिसऱ्या शतकात कडाक्याचं भांडण झालं. शेवटी ऑगस्टीननं बाजू लावून धरली ती ही, की देणाऱ्याच्या पापपुण्यावर संस्कार अवलंबून ठेवला, तर कुठल्याच आईबापांना कधी खात्री वाटणार नाही. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. इतर चर्चमधल्या बाप्तिस्म्यालाही तो लागू पडतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन चर्चमध्ये झाला, रेव्हरंड टिळकांचा 1895 साली मुंबईत प्रोटेस्टंटांकडे. आजच्या कॅथलिक नियमानं त्या दोघांच्या डोक्यावर पुन्हा पाणी ओतता येणार नाही. पूर्वी शंकेचं कारण देऊन ‘सशर्त’ बाप्तिस्मा सर्रास दिला जाई. आता खरीखुरी शंका असेल तरच तो देता येतो.

संस्कार घडणं आणि तो रीतसर घडणं, यातल्या अंतरावरून भारतात एक वाद चाळीस वर्षं धुमसत राहिला. जुन्या विधीत फादर बोटाला थुंकी लावून बाळाच्या कानांना आणि नाकाला स्पर्श करत. तमिळ मुलखातल्या जेझुइटांनी हे गाळलं. ज्या समाजात उष्ट्याखरकट्याचा एवढा विटाळ, तिथे थुंकी लावली तर पुन्हा चर्चकडे कोण फिरकणार? पोपचे प्रतिनिधी तूर्नों यांनी 23 जून 1704 रोजी पुदुच्चेरीहून फर्मान काढलं: थुंकी, मीठ, फुंकर, काहीही गाळायचं नाही. प्रकरण 1744 साली पोप बेनेडिक्ट चौदावे यांच्या आदेशापर्यंत चाललं. थुंकी गाळलेला बाप्तिस्मा झालाच नाही, असं म्हणायला त्या विधीत जागा नव्हती. भांडण होतं ते रीतीचं. आणि 1969च्या नव्या विधीतून मीठ, फुंकर आणि थुंकी सगळंच गेलं. पाणी आणि शब्द राहिले.

इथवरचं वाचून वाटेल, वैधतेच्या अटी कमी ठेवल्या हे किती चांगलं. गोव्याचा इतिहास समोर आला की मन थबकतं. 1559च्या पोर्तुगीज राजाज्ञेनं आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदू मुलं ताब्यात घेऊन त्यांना ख्रिस्ती करण्याची मुभा मिळाली. ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात सामुदायिक बाप्तिस्मे होत. 1567च्या पहिल्या धर्मसभेनं धाकदपटशानं कुणाला ख्रिस्ती करू नये असं ठरवलं खरं. पण त्याच सभेनं देवळं मोडण्याचं आणि हिंदूंना सक्तीनं प्रवचनाला बसवण्याचं समर्थनही केलं. या दडपणाखाली ज्यांच्या डोक्यावर पाणी पडलं, त्यांचा बाप्तिस्मा झाला की नाही? पोप इनोसंट तिसरे यांनी 1201 साली दिलेलं उत्तर चर्चमध्ये प्रमाण होतं: शेवटपर्यंत नकार देत राहिला, त्याला बाप्तिस्मा लागत नाही, भीतीपोटी का होईना मान तुकवली, त्याला लागतो. घाबरून दिलेला होकारही होकारच धरला गेला. आणि एकदा बाप्तिस्मा लागला की परत फिरणारा धर्मद्रोही, मग त्याच्यामागे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय. जी अट मरणाऱ्या बाळासाठी दयेपोटी सोपी ठेवली, तिच्याच सोपेपणानं इथे माणसं अडकली.

म्हणूनच ‘रीतसर’ या बाजूचं महत्त्व मला वैधतेहून तसूभरही कमी वाटत नाही. 1579 साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सनी सासष्टीत आयुष्य घालवून 1616 साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. ज्यांची पुराणं हिरावली गेली, त्यांना आपण काय स्वीकारलं हे त्यांच्या भाषेत सांगायची गरज होती. खरं तर हे शिकवणं बाप्तिस्म्याच्या आधी व्हायला हवं होतं, आणि आजचा नियम नेमका तेच सांगतो. मोठ्या माणसानं स्वतःची इच्छा व्यक्त केलेली असावी, त्याला पुरेसं शिक्षण मिळालेलं असावं. बाळाच्या बाबतीत आईबापांपैकी एकाची तरी संमती हवी आणि ते श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलायचा. धर्ममाता किंवा धर्मपिता सोळा वर्षांवरचा, दृढीकरण झालेला कॅथलिक असावा, बाळाचे आईबाप नसावेत. नोंदवहीत ताबडतोब नोंद व्हावी. पुढे दृढीकरण, लग्न, दीक्षा, सगळं त्याच नोंदीच्या समासात चढतं. भारतात त्या नोंदीचं वजन चर्चबाहेरही आहे: पुदुच्चेरीच्या एका महिलेचा हिंदू अनुसूचित जातीचा दावा फेटाळताना सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2024मध्ये तिच्या 1991च्या, तान्हेपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद विचारात घेतली.

संमतीचा हा नियम एका जागी मात्र आजही सुटतो. बाळ मरणाच्या दारात असेल, तर आईबापांच्या इच्छेविरुद्धही त्याला बाप्तिस्मा देणं 1983च्या धर्मसंहितेच्या 868व्या कलमानुसार रास्त ठरतं. मग ते आईबाप कॅथलिक असोत वा नसोत. याचं टोक काय असू शकतं, ते इटलीतल्या बोलोन्यात दिसलं. तिथे एका ज्यू घरातल्या मोलकरणीनं आजारी बाळावर गुपचूप पाणी शिंपडलं. बाळ जगलं, पण आता ते ख्रिस्ती ठरलं होतं, आणि 1858 साली पोपच्या शिपायांनी सहा वर्षांच्या एदगार्दो मोर्ताराला आईबापांपासून तोडून नेलं, ते कायमचं. हे ज्ञात असताना, सुलतान बाजारसारख्या सर्व धर्मांची बाळं शेजारी शेजारी जन्मणाऱ्या जागेचा विचार केला, तर ते कलम संहितेत राहू नये. आईनं मागितल्याशिवाय त्या परिचारिकेनं चमचा उचलू नये.