रानवाटेचे यंत्र : खरेदीपूर्वी चार गोष्टी

२०२३ साली कार्तिकी पौर्णिमा होऊन चातुर्मास संपला आणि त्यानंतरच्या रविवारी आमच्या बाजारपेठेतील आठ तरुण पारगड-तिलारीच्या बाजूच्या रानात पायी हिंडावयास गेले. त्यांत माझा नातूही होता. सूर्यास्तापूर्वी परत येऊन घरीच जेवू, असे सांगून ही मंडळी पहाटे बेळगावहून निघाली. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते. गवत कमरेइतके वाढलेले, पायवाटा त्यात बुजून गेलेल्या, आणि दुपार कलताच दरीतून धुके वर आले. पुढची वाट दिसेना, मागची सापडेना.

आठ जणांपाशी आठ मोबाइल फोन होते. पण त्या रानात एकाही कंपनीची रेंज नव्हती. सात फोनांतील नकाशे इंटरनेटवाचून उघडेनात. आठव्यात नकाशा साठवून ठेवलेला होता, परंतु टॉवरचा शोध घेता घेता त्याची बॅटरी संध्याकाळपूर्वीच संपली. अखेर रात्री नऊच्या सुमारास एका धनगरवाड्यावरचा दिवा दिसला. तेथील एका वृद्ध गृहस्थांनी विजेरी घेऊन या मुलांना सडकेपर्यंत आणून सोडले. रात्री एक वाजता मुले घरी पोहोचली. सूर्यास्तानंतर कोणी अन्न घेतले नव्हते आणि गाळून नेलेले पाणी तिसऱ्या प्रहरीच संपले होते. आठ घरांतील वडीलधारी माणसे त्या रात्री दारात बसून होती.

त्यानंतर उपग्रहाच्या साहाय्याने वाट दाखविणारे हातात धरावयाचे यंत्र घ्यावे, असा मुलांनी आग्रह धरला. पैसे मोजावयाचे ते मला. म्हणून माल समजून घेतल्याखेरीज सौदा करावयाचा नाही, या पेढीच्या नियमाप्रमाणे मी या यंत्राची माहिती मिळविली. आपल्या सभासद बंधूंच्या घरची मुले-मुलीही आता रानावनात जातात. त्यांच्या वडिलांना ती उपयोगी पडावी, एवढ्याच हेतूने ती येथे देत आहे.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. अमेरिकेच्या जी.पी.एस. योजनेचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन वेळा प्रदक्षिणा करतात. प्रत्येक उपग्रहात अतिशय अचूक घड्याळ असते व तो आपली वेळ आणि स्थान अखंड कळवीत राहतो. आपल्या हातातील यंत्र तो संदेश येण्यास किती वेळ लागला ते मोजते व त्यावरून अंतर काढते. चार उपग्रहांचे संदेश मिळाले म्हणजे आपले स्थान निश्चित होते. सेकंदाच्या दहा लक्षाव्या भागाची चूक झाली, तरी जमिनीवर ३०० मीटरांचा फरक पडतो, इतके हे माप नाजूक आहे. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या संदेशात हेतुतः चूक मिसळीत असे. ती प्रथा बंद झाल्यापासून मोकळ्या आभाळाखाली साधारण पाच मीटरांपर्यंत अचूकता मिळू लागली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बैदू आणि आपल्या भारताची नाविक याही अशाच योजना असून अलीकडील यंत्रे यांपैकी एकाहून अधिक योजनांचे संदेश घेतात.

यात ध्यानी धरावयाचे ते हे, की असे यंत्र केवळ ऐकते, बोलत नाही. त्यास मोबाइलचा टॉवर लागत नाही, तसेच ते कोणास निरोपही धाडू शकत नाही. आमच्या घरात मोठा घोटाळा होता होता टळला, तो याच मुद्द्यावर.

नातवाने गार्मिन कंपनीचे जी.पी.एस.मॅप ६७ आय हे यंत्र पसंत केले होते व अमेरिकेतील माझ्या भाच्याने ते डिसेंबर २०२४ मध्ये येताना घेऊन यावे, असे परस्पर ठरविले होते. भाचा गोव्याच्या विमानतळावर उतरणार होता. त्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली, की असेच उपग्रहामार्फत निरोप धाडणारे यंत्र जवळ सापडल्यावरून परदेशी प्रवाशास गोव्यातील विमानतळावर अटकावून ठेवण्यात आले. मी नातवास विचारले, तर तो म्हणाला, "आजोबा, ते सॅटेलाइट फोन असतील. आपले तर नुसते नकाशाचे यंत्र आहे." तरीही मी त्याला बसवून कंपनीचे माहितीपत्रक मोठ्याने वाचावयास लावले. त्यात उलगडा झाला. ६७ या क्रमांकाचे यंत्र केवळ संदेश घेते. ६७ आय हे मात्र इरिडियम उपग्रहांमार्फत निरोप पाठवितेही, आणि संकटाची हाक देण्याची कळ त्यावर असते. आपल्या देशात अशी उपग्रहामार्फत बोलणारी साधने दूरसंचार खात्याच्या पूर्वपरवानगीवाचून बाळगणे हा गुन्हा आहे. नावात फरक एका अक्षराचा, पण परिणाम केवढा! त्याच रात्री भाच्यास फोन करून ते यंत्र तिकडेच ठेवावयास सांगितले. परदेशी राहणाऱ्या आप्तांकडून माल मागविण्याची आपल्या कुटुंबांत रीतच आहे. म्हणून ही गोष्ट सर्वांत आधी सांगितली. यंत्र आपल्या देशातील दुकानातून, पक्क्या पावतीने घ्यावे आणि ते निरोप पाठविणारे नाही याची खात्री करून घ्यावी.

आता केवळ संदेश घेणाऱ्या यंत्रांतून निवड कशी करावी? मी भावाच्या यादीकडे पाहण्यापूर्वी प्रत्येक यंत्राविषयी एकच प्रश्न विचारीत गेलो : हे रानात कशाने निकामी होईल?

पहिला विचार बॅटरीचा. काही यंत्रांत दोन साधे पेन्सिल सेल बसतात. एट्रेक्स २२एक्स हे अशा सेलांवर सुमारे २५ तास चालते, तर जी.पी.एस.मॅप ६५एस हे सुमारे १६ तास. याउलट जी.पी.एस.मॅप ६७ मध्ये आतच बसविलेली, विजेवर भरावयाची बॅटरी असून ती १८० तासांपर्यंत चालते, असे कंपनी सांगते. आकड्यावरून पाहिले तर दुसरा प्रकार सरस. परंतु ती बॅटरी भरावयाची राहिली, तर रानात उपाय नाही. पेन्सिल सेल खेड्यातील किराणा दुकानातही मिळतात आणि चार जादा सेलांचे ओझे ते काय? एका दिवसाच्या फिरण्यास सेलांचे यंत्र पुरे. आठवडाभर हिमालयात जाणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराचा विचार करावा.

दुसरा विचार कळांचा. स्पर्शाने चालणारा मोठा पडदा दुकानात मनात भरतो. पण आपल्याकडील पावसात पडद्यावर थेंब पडले, की तोच स्पर्श समजून पडदा मनास येईल तसे करू लागतो. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे ज्यास ठाऊक आहे त्याने दाबावयाच्या कळा असलेलेच यंत्र घ्यावे. यंत्रावर आय.पी.एक्स. ७ अशी खूण असेल, तर ते एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी बिघडू नये, असा तिचा अर्थ होतो.

तिसरा विचार दिशेचा. स्वस्त यंत्रांत होकायंत्र वेगळे नसते. आपण चालू लागलो, म्हणजे त्या चालण्यावरून ते दिशा ठरविते. माणूस उभा राहिला, की त्याने दाखविलेल्या दिशेवर विसंबता येत नाही. धुक्यात वाट चुकलेला मनुष्य नेमका उभाच असतो आणि चुकीच्या बाजूस चार पावले टाकणे कड्याजवळ परवडत नाही. एट्रेक्स २२एक्समध्ये असे होकायंत्र नाही. त्याच जातीच्या ३२एक्समध्ये ते आहे आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारे साधनही आहे. या फरकासाठी दिलेले जादा पैसे वाया गेले, असे मी म्हणणार नाही. मात्र सेल बदलल्यावर होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते, हे विसरू नये.

चौथा विचार दाट झाडीचा. ओली पालवी व खोल दरी यांमुळे उपग्रहाचा संदेश क्षीण होतो, किंवा कड्यावर आपटून उशिरा पोहोचतो व स्थान चुकते. दोन वेगवेगळ्या लहरींवर संदेश घेणारी यंत्रे, जशी वर सांगितलेली ६५एस व ६७, ही चूक बऱ्याच अंशी कमी करतात. उघड्या सड्यांवर हिंडणाऱ्यास त्याची निकड नाही. दांडेली-भीमगडच्या बाजूच्या रानात जाणाऱ्यास ती आहे. तेथे वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते, हे निराळे सांगावयास नको.

पाचवा विचार नकाशाचा. नवे यंत्र हाती आले, तरी त्यातील आपल्या भागाचा नकाशा बहुधा रिकामाच असतो. तो भरून घ्यावा लागतो. शिवाय भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे कागदी नकाशे अवश्य जवळ ठेवावेत. त्यांना सेल लागत नाहीत.

येथे हिशेबाची एक खुबी सांगतो. अक्षांश लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत, अंश-कला अशी एक आणि दशांशाची दुसरी. १५ अंश ४५ कला म्हणजे १५.४५ नव्हे. साठ कलांचा एक अंश, म्हणून ते १५.७५ होते. आमच्या वडिलांच्या कीर्दीत १५ रुपये ८ आणे लिहिलेले असत. ते १५.०८ असे वाचणाऱ्या मुनिमास त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढीवर बसू दिले नसते. रानातील ही चूक त्याहून महाग पडते. एक अंश सुमारे १११ किलोमीटरांचा असल्याने या एका गैरवाचनाने शोध घेणारी माणसे ३३ किलोमीटर दूर जातील. रेंज मिळताच ११२ वर फोन करून आपले स्थान कळवावयाचे झाल्यास ते कोणत्या पद्धतीने सांगत आहोत, हे आधी सांगावे. याचा सराव घरी करून घ्यावा.

आम्ही अखेर एट्रेक्स ३२एक्स घेतले. घेतल्यावर महिनाभर नातवाला त्यासह रानात जाऊ दिले नाही. नवा काटा आणला म्हणजे ठाऊक असलेल्या वजनावर तो आधी पारखतो, तसे हे यंत्र प्रथम येळ्ळूरच्या राजहंसगडावर नेले. वाट पाठ होती, म्हणून यंत्र कोठे चुकते ते कळले. आपण चाललेल्या वाटेचा माग यंत्र नोंदवून ठेवते आणि त्याच मागाने परत नेते. माझ्या मते त्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच. नातवाने गडावर जाऊन त्या मागाने खाली येण्याचा चार वेळा सराव केला, तेव्हा कोठे मी परवानगी दिली. शिखरजीच्या २७ किलोमीटरांच्या वंदनेसारख्या राबत्या वाटेवर मात्र या यंत्राची गरज नाही. तेथे वाट चुकणे अवघड आणि विचारावयास माणसे पुष्कळ.

एक सूचना करून लेख पुरा करतो. असे यंत्र वर्षातून फार तर आठ-दहा दिवस वापरले जाते. प्रत्येक घराने निराळे घेण्यापेक्षा आपल्या संघाने दोन यंत्रे विकत घेऊन कचेरीत ठेवावीत व सभासदांच्या मुलामुलींना नोंद करून द्यावीत. नोंदवहीत चार रकाने असावेत : कोण गेले, कोणत्या वाटेने, परतण्याची वेळ कोणती, आणि त्या वेळेनंतर कोणास कळवावयाचे. संकटाची हाक देण्याचे यंत्र आपणांस बाळगता येत नाही. तेव्हा मागे ठेवलेली ही नोंदच आपली हाक होय.

गेल्या मार्गशीर्षात मुले पुन्हा त्याच रानात गेली. जाताना त्या धनगरवाड्यावरील वृद्ध गृहस्थांसाठी आम्ही ज्वारीचे एक पोते पाठविले. त्यांनी मुलांच्या हातातील यंत्र कुतूहलाने पाहिले आणि पुढच्या ओढ्यापाशी वाट गवतात बुजली आहे, डाव्या अंगाने जा, असे सांगितले. यंत्रात ती गोष्ट नव्हती. मुले डाव्या अंगाने गेली आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी येऊन जेवावयास बसली.