तीन गुणांचं अंतर

13 सप्टेंबर 2020, रविवार. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या मुजेलो ट्रॅकवर त्या दुपारी फेरारी संघ आपली हजारावी फॉर्म्युला वन शर्यत धावणार होता आणि सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. त्याआधी सकाळी, जवळपास रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, फॉर्म्युला थ्रीच्या हंगामातली अठरावी आणि शेवटची शर्यत होती. गुणतक्त्यात लोगन सार्जंट 160, ऑस्कर पियास्त्री 160 आणि तेओ पुर्शेर 151. सतरा शर्यती संपल्या तरी पहिले दोघं बरोबरीत आणि तिसरा फक्त नऊ गुणांनी मागे. त्यात सार्जंट आणि पियास्त्री दोघंही प्रेमा या एकाच इटालियन संघाचे. आदल्या रात्री दोघांच्याही इंजिनिअरांनी एकाच छपराखाली बसून आपापल्या पोराला जिंकवण्याची गणितं मांडली असतील.

ज्युनिअर रेसिंग समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते हा हंगाम नीट पाहावा. रेसिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो सर्वांत वेगवान चालक आणि त्याच्या हातातला करंडक. 2020च्या एफ-थ्रीचा विजेता या चित्रात बसत नाही. त्याने अठरापैकी फक्त दोन शर्यती जिंकल्या. पोल पोझिशन, म्हणजे पात्रता फेरीतला पहिला क्रमांक, तर एकदाही मिळवली नाही. लियम लॉसन आणि फ्रेडरिक वेस्टी यांनी प्रत्येकी तीन शर्यती जिंकल्या, तरी ते पहिल्या तिघांतही नव्हते. विजेतेपद ठरलं ते वाईट गेलेल्या दिवशी कोण किती गुण घेऊन घरी परतला, यावर.

आधी ही शिडी पाहू. मुलं सात-आठ वर्षांची असताना कार्टिंगपासून सुरुवात करतात. पंधराव्या वर्षी एफ-फोर, मग एखादी प्रादेशिक मालिका, त्यानंतर एफ-थ्री, एफ-टू आणि अगदी टोकाला एफ-वन. एफ-वनमध्ये गाडी चालवायला आंतरराष्ट्रीय महासंघाचं, म्हणजे एफआयएचं, सुपर लायसन्स लागतं. त्यासाठी साधारणपणे अठरा वर्षं पूर्ण असावी लागतात आणि तीन वर्षांत 40 गुण जमवावे लागतात. एफ-थ्रीच्या विजेत्याला त्यातले 30 मिळतात, दुसऱ्याला 25, तिसऱ्याला 20. म्हणजे मुजेलोच्या त्या सकाळी करंडकाबरोबर प्रत्येकाची पुढची दोन-तीन वर्षंही पणाला लागलेली होती.

आता गाडी. एफ-वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवतो, त्यामुळे चांगला चालक वाईट गाडीत अडकला की त्याची किंमत कळत नाही. एफ-थ्रीत दहा संघांच्या तीसही गाड्या एकाच कंपनीच्या: डलाराची चासी, मेकाक्रोमचं 3.4 लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, सुमारे 380 अश्वशक्ती, पिरेलीचे टायर. टायरचे संच मोजके आणि सरावही मोजका: शुक्रवारी पाऊण तास सराव, मग अर्ध्या तासाची पात्रता फेरी आणि पुढच्या दोन दिवसांत दोन शर्यती. शर्यतीत पिट स्टॉप नाही. गाडीला पॉवर स्टिअरिंगही नाही. मुजेलोला अराबियाता नावाची दोन सलग उजवी वळणं आहेत, तीही प्रचंड वेगात घ्यायची. तिथे सतरा वर्षांच्या मुलाला ते चाक आपल्या दंडांच्या जोरावर धरून ठेवावं लागतं, आणि एकदा नाही, दर फेरीला. या मुलांच्या व्यायामात मानेवर आणि खांद्यांवर एवढा भर का असतो, ते इथे कळतं.

गाड्या सारख्या म्हटल्यावर पात्रता फेरीत एका सेकंदाच्या आत वीस-वीस जण बसतात. पहिला आणि पंधरावा यांच्यात पापणी लवण्याइतकं अंतर, पण शर्यत एकाला सगळ्यांच्या पुढून सुरू करायची आणि दुसऱ्याला गर्दीच्या मधोमध. पुढच्या गाडीने हवा विस्कटलेली असते, त्यामुळे मागच्या गाडीला वळणात रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा दाब कमी पडतो. गाडी घसरते, टायर तापतात. सरळ पट्ट्यावर पुढच्या गाडीपासून एका सेकंदाच्या आत असाल, तर मागच्या पंखाची फळी उघडून वेग वाढवता येतो. यालाच डीआरएस म्हणतात. पण आठ गाड्या एकामागोमाग एकेका सेकंदावर असतील, तर पहिली सोडून सगळ्यांचीच फळी उघडते आणि कोणीच कोणाच्या पुढे जात नाही. घाटात ट्रकमागे अडकलेल्या गाड्यांची रांग असावी, तशी ही रांग फेऱ्यांमागून फेऱ्या चालत राहते. अशा रांगेतून एकेक जागा वर सरकणं हे खरं कसब. टीव्हीवर ते फारसं दिसत नाही, कारण कॅमेरा पुढच्या दोघांवर असतो.

हंगाम मुळात मार्चमध्ये बहारीनला सुरू व्हायचा होता. करोना आला आणि सगळं थांबलं. अखेर जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऑस्ट्रियात स्पीलबर्गला गाड्या सुटल्या, आणि मग उसंत नाही. स्पीलबर्गला लागोपाठ दोन वीकएंड, बुडापेस्टजवळ हंगारोरिंग, सिल्वरस्टोनला दोन, बार्सिलोना, स्पा, मोंझा, मुजेलो. नऊ वीकएंड, अठरा शर्यती, सगळं मिळून दहा-अकरा आठवड्यांत. चुकलेल्या वीकएंडचा विचार करायला फुरसत नव्हती; आठवडाभरात पुढची पात्रता फेरी उभी असायची.

पियास्त्रीने सुरुवातच जिंकून केली. स्पीलबर्गला पहिल्या शर्यतीत तो तिसऱ्या जागेवरून सुटला, पहिल्याच वळणात आघाडीवर आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. मेलबर्नचा हा मुलगा लहानपणी रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती जिंकायचा. मग कार्टिंग, पुढे युरोपात जायचं म्हणून किशोरवयातच इंग्लंडच्या बोर्डिंग शाळेत मुक्काम. 2019मध्ये त्याने फॉर्म्युला रेनॉ युरोकप जिंकला आणि त्या जोरावर प्रेमा संघात आला. त्याच्याविषयी बोलताना सगळे त्याच्या शांतपणाचा उल्लेख करतात. हे ऐकायला गुळगुळीत वाटतं, पण त्या हंगामात तो शांतपणा गुणतक्त्यात मोजता येत होता. पात्रता फेरीत त्याला एकाहून अधिक वेळा डीआरएसने दगा दिला. पोल मिळत नव्हती, सुरुवात मधल्या गर्दीतून करावी लागत होती, आणि तरी दर वीकएंडला काही ना काही गुण जमा होत होते.

पुर्शेरचं वेगळंच. फ्रान्सच्या या मुलाला ऑगस्टमध्ये सतरावं लागलं, म्हणजे स्पीलबर्गच्या दुसऱ्या वीकएंडला पहिली शर्यत जिंकताना तो सोळाचा होता. पुढच्याच आठवड्यात हंगारोरिंगला त्याने दुसरी जिंकली. सार्जंट पात्रता फेरीत जोरदार होता. सिल्वरस्टोनला आणि स्पाला त्याने एकेक शर्यत जिंकली. मोंझाहून मुजेलोला येताना पियास्त्री त्याच्या आठ गुणांनी पुढे होता.

गुणांची पद्धत समजल्याशिवाय पुढचं नाट्य कळणार नाही. 2020मध्ये पहिल्या शर्यतीत विजेत्याला 25, मग 18, 15, 12 असे गुण, दहाव्याला 1. दुसऱ्या शर्यतीचा क्रम पहिल्या शर्यतीच्या निकालावरून लागायचा, पण पहिले दहा उलटे करून: दहावा सर्वांत पुढे, विजेता दहाव्या जागेवर. दुसऱ्या शर्यतीत गुण कमी असत, 15, 12, 10, 8, 6, 5, 4, 3, 2, 1. हे उलटं करणं अनेकांना अन्यायाचं वाटतं. मला ते पटतं. पुढून सुटून पुढेच राहणारा चालक आणि मागून वाट काढणारा चालक, दोघांची परीक्षा एकाच वीकएंडला होते, आणि एफ-वनच्या संघांना नेमकं तेच पाहायचं असतं.

मुजेलोच्या पहिल्या शर्यतीत पियास्त्रीला मोंझातल्या एका धडकेबद्दल पाच जागा मागून सुटण्याची शिक्षा होती. बरीच वाट काढत तो अकराव्या क्रमांकावर पोहोचला. अकरावा म्हणजे शून्य गुण. दहावा आला असता तर एक गुण मिळाला असता आणि शेवटच्या शर्यतीत सर्वांत पुढची जागाही. एका जागेने दोन्ही गेलं. सार्जंट सहावा आला, आठ गुण घेतले आणि बरोबरी झाली. रविवारी सार्जंट पाचव्या जागेवर उभा, पियास्त्री अकराव्या. कोणाही जाणकाराने त्या क्षणी सार्जंटवरच पैसे लावले असते.

पहिल्या फेरीतच सार्जंट आणि लिरीम झेंडेली यांच्या गाड्या एकमेकींना लागल्या आणि सार्जंट खडीत जाऊन थांबला. मुजेलोला ट्रॅकच्या कडेला डांबर नाही, खरीखुरी खडी आहे; तिथे गेलेली गाडी सहसा परत येत नाही. अठरा शर्यतींचा हिशोब काही सेकंदांत संपला. आता पियास्त्रीसमोर एकच धोका उरला, पुर्शेर. आणि तो एकेक गाडी मागे टाकत वर येत होता.

इथे आकडे बघा. पुर्शेर तिसरा आला, दहा गुण, एकूण 161. पियास्त्री जिथून सुटला त्याच अकराव्या जागेवर राहिला असता तर त्याचे 160च राहिले असते आणि करंडक पुर्शेरकडे गेला असता. दहावा आला असता तर दोघं बरोबरीत. निर्विवाद जिंकायला त्याला किमान दोन जागा वर चढायचंच होतं. पण घाईने कुठे नाक घुसवून पंख मोडला तर सगळंच संपलं. त्याने चार जागा मिळवल्या, सातवा आला आणि चार गुण घेतले. 164, 161, 160. शर्यत लॉसनने जिंकली, विजेतेपद सातव्या आलेल्याने.

या सातव्या क्रमांकाचं मला फार अप्रूप आहे. अठराव्या शर्यतीत, सहकारी खडीत उभा असताना, रेडिओवर येणाऱ्या बातम्या ऐकत, एकोणीस वर्षांच्या मुलाने किती धोका घ्यायचा आणि कुठे थांबायचं हे अचूक ठरवलं.

पैशाचं बोलल्याशिवाय ही गोष्ट खरी होत नाही. एफ-थ्रीचा एक हंगाम साधारण दहा लाख युरोच्या घरात जातो, आपल्या हिशोबाने आठ-दहा कोटी रुपये. तो खर्च चालकाचे आईवडील, प्रायोजक किंवा एखाद्या एफ-वन संघाची अकादमी उचलते. एक सुमार हंगाम गेला की अकादमी हात सोडते आणि पुढच्या वर्षाची गाडी मिळत नाही. गाड्या सारख्या ठेवून खर्चाला थोडा लगाम बसतो, पण दार सगळ्यांना सारखं उघडं होत नाही. चांगली मुलं वेग कमी पडला म्हणून या शिडीवरून उतरतात त्यापेक्षा पैसे संपले म्हणून जास्त उतरतात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडून या शिडीवर चढलेल्यांत मुंबईचा जेहान दारूवाला एक. फोर्स इंडियाने 2011मध्ये देशभरातून कार्टिंग करणारी मुलं शोधली, त्यातून निवडलेल्या तिघांत तो होता. 2019च्या एफ-थ्री हंगामात त्याने प्रेमासाठी दोन शर्यती जिंकल्या आणि एकूण तिसरा आला. 2020मध्ये तो एफ-टूमध्ये गेला आणि डिसेंबरात बहारीनला एफ-टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत पोहोचला. 2023पासून भारतात एफआयएची मान्यता असलेली एफ-फोर मालिकाही सुरू झाली आहे, म्हणजे शिडीच्या पहिल्या पायरीसाठी आता युरोप गाठायची सक्ती उरलेली नाही. दुसऱ्या पायरीचा खर्च मात्र तोच आहे.

आणि त्या तिघांचं पुढे काय झालं? पियास्त्रीने 2021मध्ये पहिल्याच प्रयत्नात एफ-टू जिंकली, तरी 2022चं सबंध वर्ष त्याला राखीव चालक म्हणून बसून काढावं लागलं. 2023मध्ये तो मॅक्लारेनमध्ये गेला आणि 2024च्या जुलैमध्ये हंगारोरिंगलाच पहिली ग्रां प्री जिंकला. सार्जंटही 2023मध्ये विल्यम्समधून एफ-वनमध्ये आला आणि पुढच्या वर्षी हंगाम अर्ध्यावर असताना बाहेर पडला. लॉसनही पोहोचला. 2020मध्ये एकही गुण न मिळवलेला जॅक डूहानसुद्धा पोहोचला. पुर्शेरने 2023मध्ये एफ-टू जिंकली, सुपर लायसन्सला लागणारे गुण त्याच्यापाशी होते, दुसऱ्या क्रमांकावर त्याच मुजेलोच्या हंगामातला वेस्टी होता. पुढच्या वर्षी एफ-वनच्या वीस जागांपैकी एकही दोघांच्या वाट्याला आली नाही.