घरात दोघं, कॉम्प्युटरमध्ये तिसरा कोण?

समजा, रात्रीचे अकरा वाजलेत. कॉम्प्युटरवर आत्ता कोण कोण आहे याची यादी तुम्ही सहज उघडता आणि तुमच्या नावाखाली एक अनोळखी नाव दिसतं. काय कराल? मी तर सरळ राउटरची पिनच काढली!

दिवाळीच्या सुट्टीत साखऱ्याला मावशीकडे गेले होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या डेस्कटॉपला विंडोज ११ झेपेना, म्हणून दादानं त्यावर लिनक्स मिंट टाकलेलं. त्या रात्री पासवर्ड बरोबर टाकला तरी मशीन परत लॉगिन स्क्रीनवरच यायचं. शेवटी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं आणि 'लॉगिनसीटीएल' टाइप केलं. दोन ओळी आल्या. एक माझी, दुसरी 'लाइटडीएम' नावाची. "दादा, कुणीतरी घुसलंय बघ!" याच मशीनमध्ये सातबारा, आधार, पासबुक सगळ्यांचे स्कॅन. दादाचाही चेहरा उतरला.

घुसलं कुणीच नव्हतं. तो लॉगिन स्क्रीनच होता.

म्हणजे कसं, लॉगिन स्क्रीन हाही एक प्रोग्रामच. त्याला चित्र काढावं लागतं, कीबोर्ड वाचावा लागतो. पण कुणी लॉगिन केलेलंच नसताना तो चालणार कुणाच्या नावानं? सर्वाधिकार असलेल्या 'रूट'च्या नावानं चालवला, तर त्यातल्या एका बारक्या चुकीतून अख्खं मशीन हातचं जाऊ शकतं. म्हणून त्याला फारसे अधिकार नसलेलं वेगळं खातं देतात. मिंटमध्ये ते 'लाइटडीएम', उबुंटूत 'जीडीएम', केडीईवाल्यांकडे बहुधा 'एसडीडीएम'. सिस्टीम त्याचंही सेशन नोंदवते, म्हणून यादीत नाव येतं.

गोंधळ वाढवते ती 'हू' ही जुनी कमांड. ती 'यूटीएमपी' नावाच्या फाइलमधून वाचते आणि तिथं लॉगिन स्क्रीन सहसा नसतो. पण त्या फाइलमधली वेळ ३२ बिटांची, १९ जानेवारी २०३८ ला तिची मर्यादा संपते. त्यामुळे काही नव्या सिस्टीममध्ये 'हू' आणि 'डब्ल्यू' थेट सेशनच्या नोंदीच बघतात. काल न दिसणारं नाव अपडेटनंतर अचानक दिसू लागलं, तर त्यामागे हेही असू शकतं.

मग खरा घुसखोर ओळखायचा कसा? 'लॉगिनसीटीएल शो-सेशन' लिहून पुढे यादीतला सेशन क्रमांक टाका. 'क्लास' समोर 'ग्रीटर' असेल तर तो लॉगिन स्क्रीन. 'यूजर' असेल, नाव ओळखीचं नसेल आणि 'रिमोट' समोर 'येस' असेल, तर मात्र राउटरची पिन काढलेलीच बरी.

आणि हो, उलटंही घडतं. लॅबमध्ये किंवा फॉर्म भरायच्या दुकानात तुम्ही 'स्विच यूजर' करून उठता. समोर लॉगिन स्क्रीन दिसतो, वाटतं आपण बाहेर पडलो. यादीत मात्र ग्रीटरच्या शेजारी तुमचंही नाव असतं, उघड्या फाइल्स तशाच. उठण्याआधी 'लॉग आउट'च करा.

आमच्या लॉगिनचं दुखणं वेगळंच निघालं. डिस्क गच्च भरली होती. दादाचे पिक्चर उडवले आणि पहिल्या झटक्यात डेस्कटॉप उघडला. कुठले उडवले, ते त्याला अजून सांगितलेलं नाही.