संशयकल्लोळला जाताना काय नेसावं?

संगीत नाटकाला साध्या कपड्यांत जाणं मला अजून जमत नाही. त्यातून ‘संशयकल्लोळ’ असेल, तर दुपारपासून कपाट उघडंच असतं. सूनबाई म्हणतात, “आई, लग्नाला निघालात का?” लग्नाला नटतात ते चारचौघांना दिसावं म्हणून. नाटकाला मात्र दिवे मालवल्यावर कुणी कुणाकडे पाहत नाही, तरी नटायचं!

ही हौस आम्हाला लावली बालगंधर्वांनी. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. रंगमंचावर उंची शालू आले, अत्तरं आली. त्यांची नऊवारी नेसण्याची ढब, अंबाड्यावर गजरा माळण्याची रीत बायकांनी उचलली. बाईनं कसं नटावं हे घरंदाज बायका एका पुरुषाकडून शिकल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

‘संशयकल्लोळ’मधला हा तसबिरीचा घोटाळा गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली आधी गद्यात लिहिला. मूळ कल्पना मोलिएरची. ती आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकातून देवलांपर्यंत आली, पण इथे अशी रुळली की परकेपणाचा वासही उरला नाही. पुढे पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये रंगमंचावर आलं. देवल मात्र त्याच वर्षी जूनमध्ये गेले. पात्रांची नावं बघा: पुरुष महिन्यांचे, बायका नक्षत्रांच्या. फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या. कृत्तिका, रेवती, रोहिणी. रेवतीला भोवळ येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि नेमकं तेच त्याची बायको कृत्तिका पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती न्याहाळताना फाल्गुनराव तिला गाठतो. झालं! नजरेला पडेल त्यावरून जो तो तर्क लढवतो.

अशा नाटकाला मी इरकल नेसते. पैठणी सुंदर खरी, पण तीन तास खुर्चीत बसून हसायचं म्हणजे जरीचा पदर सावरता सावरता विनोद निसटतो. कडक कांजीची साडीही नको. जरा हललं की करकरते. काचेच्या बांगड्या घरी ठेवते. गायकानं आलाप घेऊन समेवर यावं आणि शेजारून किणकिण यावी, यासारखा रसभंग नाही. त्या जागी दोन पाटल्या पुरतात. अत्तर मनगटावर एक बोट, बस्स.

गजरा मोगऱ्याचा, पण माळायचा मानेलगत, खाली. उंच अंबाड्यावर घेर धरून माळला की मागच्या रांगेतल्या माणसाला अश्विनशेठ दिसत नाही, नुसता मोगरा दिसतो. गजरा थिएटरवर पोचल्यावर घ्यावा. घरून माळून रिक्षात बसलं की नांदीपर्यंत तो मान टाकतो. वातानुकूलित सभागृहात पहिल्या अंकातच हुडहुडी भरते, म्हणून पातळ शाल हवीच. पर्स छोटी हवी, चेनची नको. पदाच्या मध्येच गोळी शोधायला कुणीतरी ती चेन ओढतंच. पुरुषांना झब्बा आणि जाकीट शोभतं. खिशातला मोबाइल तेवढा बंद करावा.

सगळ्या साजाचं चीज होतं ते मध्यंतरात. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात हातात बटाटेवडा घेऊन बायका एकमेकींचे काठ बोटांनी चाचपतात. “गर्भरेशमी का गं?” “कुठून घेतलीस?” वड्याचं तेल काठाला लागू नये म्हणून एक हात लांब धरलेला, आणि तोंडानं पहिल्या अंकातल्या गाण्याची चिकित्सा चालूच. आमच्या आत्याबाई तर गायक कसा होता हे सांगण्याआधी कुणी काय नेसलं होतं ते सांगत.

परवा जिन्यात आमच्या ह्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “एवढं कुणासाठी?”

मी म्हटलं, “चला फाल्गुनराव, तिसरी घंटा झाली.”