हौसेची गिटार कोपऱ्यात का पडते?

पहिल्या तीन महिन्यांत कसोटी लागते ती बोटांपेक्षा सवयींची

यवतमाळ - दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की वर्षभर दडपून ठेवलेले छंद डोके वर काढतात. कुणी पोहायला जातो, कुणी चित्रकलेच्या वर्गात नाव घालतो, तर कुणी घरी गिटारसाठी हट्ट धरतो. गिटार येते, पहिले आठ दिवस ती हातावेगळी होत नाही, आणि पावसाळा सरेपर्यंत ती कपाटाच्या माथ्यावर जाऊन बसते. यवतमाळ, पुसद वा वणीतल्या घरांपुरताच हा अनुभव मर्यादित नाही. गिटार बनविणाऱ्या ‘फेंडर’ या अमेरिकी कंपनीचे तत्कालीन प्रमुख अँडी मूनी यांनी काही वर्षांपूर्वी दिलेल्या माहितीनुसार, नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक पहिल्या वर्षभरातच वादन सोडून देतात.

यात पैसा वाया जातो हे खरेच. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. ‘संगीत आपल्या रक्तात नाही’ असा ग्रह सोळाव्या-सतराव्या वर्षी पक्का होतो आणि पुढे आयुष्यभर पुसला जात नाही. प्रत्यक्षात बहुतेकांचे अडते ते गुणांच्या अभावी नव्हे, तर चुकीच्या अपेक्षा आणि चुकीचा सराव यांमुळे.

दुखणे हा दोष नव्हे

पोलादी तारांच्या गिटारवर पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतातच. कातडी हळूहळू निबर होते आणि साधारण महिनाभरात वेदना ओसरते. या काळात एका बैठकीत दोन तास वाजविण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन बैठका अधिक हिताच्या. मनगट किंवा खांदा दुखू लागला तर मात्र थांबावे. ती वेदना सवयीने जाणारी नसून, बसण्याची पद्धत वा हाताची ठेवण चुकत असल्याची खूण असते.

दुसरा अडथळा उताविळीचा. ‘यादों की बारात’ (१९७३) या चित्रपटातील ‘चुरा लिया है’ या गाण्याच्या आरंभीचे गिटारचे सूर भूपिंदर सिंग यांनी वाजविलेले. ते ऐकून अनेकांना वाद्य घ्यावेसे वाटते आणि पहिल्याच आठवड्यात तेच वाजवायचे असते. ते जमत नाही, म्हणून मन खट्टू होते. वास्तविक नवशिक्याने जी, सी, डी आणि ई मायनर या चार कॉर्डवर हात बसवावा. एवढ्यावरही पुष्कळ सोपी गाणी साधतात. तर्जनी आडवी ठेवून सर्व तारा दाबाव्या लागणारी एफ कॉर्ड अनेकांना कित्येक आठवडे छळते. ती लगेच जमली नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही.

वाजविणे वेगळे, सराव वेगळा

येणारे गाणे पुन:पुन्हा वाजविण्यात आनंद आहे. परंतु त्याला सराव म्हणता येत नाही. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधील व्हायोलिन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९९३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरस ठरलेल्या विद्यार्थ्यांनी एकांतातला, नेमक्या उणिवेवर बोट ठेवून केलेला सराव अधिक केला होता, असे त्यांना आढळले. याच अभ्यासावरून पुढे दहा हजार तासांचा मंत्र लोकप्रिय झाला. मात्र केवळ तास मोजण्याला एरिक्सन यांनीच आक्षेप घेतला होता.

व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. गाणे जेथे अडते, तेवढाच तुकडा वेगळा काढावा. जीवरून सीवर जाताना बोटे चाचपडत असतील, तर घड्याळ लावून एका मिनिटात किती स्वच्छ बदल होतात ते मोजावे आणि वहीत लिहावे. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवावा. चूक न होता तीनदा वाजले तरच गती पाचने वाढवावी. घाईने वाजविलेली चूकही हाताच्या अंगवळणी पडते आणि ती मोडायला दुप्पट श्रम पडतात.

अर्ध्या तासाची वाटणी अशी करता येईल : पाच मिनिटे सूर जुळविणे व बोटे मोकळी करणे, दहा मिनिटे कॉर्डबदल, पाच मिनिटे ठेका आणि उरलेली दहा मिनिटे आवडीचे गाणे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास श्रेयस्कर. झोपेचेही येथे काम असते. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकलेल्यांची गती एका रात्रीच्या झोपेनंतर, मधे सराव न करताही, सुमारे २० टक्के वाढल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००२ मध्ये दिसून आले होते.

मनाची बैठक

क्षमता प्रयत्नांनी वाढते असे मानणारा विद्यार्थी अपयशाने लवकर खचत नाही, अशी मांडणी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांनी २००६ मधील आपल्या पुस्तकात केली. अर्थात नुसत्या विश्वासाने तारा वाजत नाहीत, आणि सरावाने सारे समान होतात असेही नाही. २०१४ च्या एका व्यापक आढाव्यानुसार संगीतातील कामगिरीच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकाचा उलगडा सरावाने होतो. उरलेल्या गोष्टी आपल्या हाती असतीलच असे नाही. सराव मात्र हाती असतो.

१९२८ मध्ये आगीत भाजल्याने जँगो राइनहार्ट या वादकाच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या बोटांसाठी त्याने वादनाची नवी पद्धत घडविली आणि जॅझच्या इतिहासात स्थान मिळविले. आपल्याकडे पं. विश्वमोहन भट्ट यांनी गिटारमध्ये बदल करून ‘मोहनवीणा’ सिद्ध केली आणि १९९४ मध्ये ‘ग्रॅमी’ मिळविले. वाद्य परदेशी असले, तरी त्यामागचा रियाज येथल्याच परंपरेतला होता.

वऱ्हाडचे ऊन आणि कूलर

या जिल्ह्यात आणखी एक बाब ध्यानात ठेवावी लागते. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसते, तर कूलरच्या ओलसर झोतात आणि पावसाळ्यात ते फुगते. परिणामी तारांची उंची बदलते आणि त्या दाबायला जड जातात. नवशिका मात्र दोष बोटांना देतो. म्हणून गिटार कूलरसमोर, टिनाच्या पत्र्याखाली किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. तारा फारच उंच वाटल्यास जाणकाराकडून त्या बसवून घ्याव्यात.

जवळ शिक्षक नसल्यास इंटरनेटवरील धड्यांचा आधार मिळतो. पण चुकीची पकड पडद्यावरून कुणी दुरुस्त करीत नाही. महिन्यातून एकदा तरी जाणत्यासमोर वाजवून दाखवावे. पालकांनीही पहिल्या तीन महिन्यांत पाहुण्यांसमोर वाजविण्याचा आग्रह धरू नये. त्याऐवजी पहिल्या आठवड्यातील वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा ऐकावे. रोज न जाणवणारी प्रगती त्या दोन मुद्रणांतील फरकात स्पष्ट ऐकू येते.