मरणाऱ्याची वेदना कोणाची?

मरण सर्वांना सारखे, ते राजा पाहत नाही की रंक पाहत नाही, असे आपल्याला कीर्तनांतून आणि शालेय पुस्तकांतून सांगितले जाते. गावगाड्यात मात्र मरणाचीही वाटणी झालेली होती. गावात कोणी मेले की परगावच्या सोयऱ्यांकडे सांगावा घेऊन धावायचे ते महाराने, सरणाची लाकडे वाहायची ती महाराने आणि मोबदला म्हणून मढ्यावरचे कापड उचलायचे तेही महारानेच. दुसऱ्यांच्या मरणाची कामे अशी आपल्या वाट्याला लावून दिलेली होती. आपल्या मरणाची वास्तपुस्त करण्याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. आज सांगावा फोनवर जातो, पण हिशेब फारसा बदललेला नाही. उत्तर, मध्य आणि पूर्व भारतातील ९ राज्यांच्या आकडेवारीवरून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचे सरासरी आयुर्मान ३ वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे ४ वर्षांहून अधिक कमी आहे. ही तफावत केवळ गरिबीच्या खात्यावर टाकता येत नाही, हेही त्या अभ्यासाने दाखविले आहे.

परंतु माणूस किती जगला हा एक प्रश्न झाला. मरता मरता त्याने काय सोसले हा दुसरा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नासंबंधी आहे.

१९९६ साली माझे वडील तोंडाच्या कर्करोगाने गेले. आयुष्यभर हमाली केलेला माणूस. एका रुग्णालयाने पंधरा दिवस ठेवून घेतले आणि मग, "आता करण्यासारखे काही नाही, घरी घेऊन जा," असे सांगितले. केसपेपरवर पॅरासिटामॉल लिहून दिले. पुढचे दोन-अडीच महिने ते रात्र रात्र भिंतीला पाठ लावून बसून राहत, कारण आडवे झाले की गालातली कळ कानामागून डोक्यात जाई. आई तव्यावर फडके गरम करून शेकत राही. शेजारपाजारचे येत आणि म्हणत, "मागच्या जन्मीचे भोग, भोगूनच संपवायचे." ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता त्या घरात हे वाक्य बोलले जात होते आणि आम्ही ते ऐकून घेत होतो. दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

उत्तर होते. ते तेव्हा जवळजवळ तीस वर्षे जुने झालेले होते.

सिसिली सॉन्डर्स ही लंडनमधील बाई आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि पुढे मरणाऱ्यांकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत म्हणून स्वतःच डॉक्टर झालेली. १९४८ साली तिच्या देखरेखीखाली डेव्हिड टास्मा नावाचा चाळिशीतला, पोलंडहून आलेला एक ज्यू निर्वासित कर्करोगाने मरत होता. त्याला त्या शहरात आपले म्हणावे असे कोणी नव्हते. मरताना त्याने तिच्या भावी घरातील एका खिडकीसाठी म्हणून ५०० पौंड ठेवले. त्या घराला उभे राहावयास १९६७ साल उजाडले. दक्षिण लंडनमधील सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ते हेच. मरणासन्न माणसाची शुश्रूषा हा संशोधनाचा विषय आहे, दयेचा नव्हे, ही भूमिका तेथे प्रथमच पद्धतशीरपणे मांडली गेली. ह्या शास्त्राला पुढे 'पॅलिएटिव्ह केअर' असे नाव पडले. आपण त्याला उपशामक शुश्रूषा म्हणू.

सॉन्डर्सबाईंचे म्हणणे वरवर साधे होते. वेदना असह्य झाल्यावर रुग्णाने ओरडावे, मग परिचारिकेने यावे, मग इंजेक्शन द्यावे, ही तेव्हाची रीत होती. म्हणजे औषधासाठी आधी वेदनेने पदर पसरायचा. त्याऐवजी दर चार तासांनी, घड्याळ पाहून, तोंडावाटे मॉर्फिन दिले तर वेदनेला डोके वर काढण्याची सवडच मिळत नाही. मात्रा लहान सुरू करायची आणि वेदना आटोक्यात येईपर्यंत बेताबेताने वाढवायची. सोबत बद्धकोष्ठावरचे औषध द्यायचे, कारण मॉर्फिनने शौचास होत नाही आणि रुग्णाचे खरे हाल पुष्कळदा त्यानेच होतात. १९७० नंतरच्या दशकात ह्याच संस्थेत रॉबर्ट ट्वायक्रॉस ह्या डॉक्टराने मॉर्फिन आणि हेरॉइन ह्यांची शास्त्रीय तुलना केली आणि नियमित तोंडावाटे दिल्यास दोहोंत जाणवण्याजोगा फरक नाही असे दाखविले. ह्या निष्कर्षामुळे साधे, स्वस्त मॉर्फिन जगभर पुरेसे ठरले.

येथे नशेविषयी बोलणे भाग आहे, कारण दारूने ज्यांची घरे बसली आहेत अशा वस्त्यांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मॉर्फिन काही आठवडे घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते आणि ते एकदम बंद केले तर त्रास होतो. परंतु व्यसन म्हणजे ही सवय नव्हे. हानी होत असूनही औषधासाठी मनाने झुरणे आणि त्यापायी बाकी सर्व सोडून देणे म्हणजे व्यसन. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्यांत ते क्वचितच आढळते. बहुतेकांचा अनुभव उलटाच असतो. वेदना थांबली की माणूस जेवतो, झोपतो, नातवाशी बोलतो.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या ज्ञानाची तीन पायऱ्यांची शिडी करून दिली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधे, दुसरीवर कोडीन, तिसरीवर मॉर्फिन. माझ्या वडिलांना पहिल्याच पायरीवर ठेवून घरी पाठविण्यात आले. पायरीपाशीच थांबवून ठेवण्याची रीत येथे जुनी आहे.

मात्र हा दोष एका डॉक्टराच्या माथी मारून भागणार नाही. अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत आणि भारतातील अफू वर्षानुवर्षे परदेशी औषध कंपन्यांना विकली गेली आहे. त्याच देशात १९८५ साली अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्यात किमान १० वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद होती आणि मॉर्फिनची बाटली ठेवण्यासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, तेही एकाच वेळी मुदतीत असलेले, लागू लागले. दुकानदारांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ साली देशात औषध म्हणून ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ साली हा आकडा १८ किलोवर आला. कर्करोग काही त्या प्रमाणात घटला नव्हता. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न हाताळता पदवीधर झाली आणि जे हाताळले नाही त्याचे भय तेवढे पुढच्या पिढीला देत राहिली.

हे भय खोटे आहे, हेही येथेच सिद्ध झाले. कोझिकोडे येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आदींनी वेदना-उपचाराचे केंद्र सुरू केले. तेथून घरी नेण्यासाठी मॉर्फिन दिलेल्या १,७२३ रुग्णांचा दोन वर्षांचा हिशेब २००१ साली 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गोळ्या भलतीकडे गेल्याचा एकही प्रकार आढळला नव्हता. गरिबाच्या हाती औषध दिले तर तो ते विकून खाईल, हा समज ह्या नोंदींपुढे टिकत नाही. कायद्यात दुरुस्ती व्हावयास त्यानंतरही १३ वर्षे गेली. २०१४ च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांची साखळी तोडून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना एकाच यंत्रणेच्या मंजुरीने मॉर्फिन ठेवता येईल असे केले. तरीही 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०१७ साली जगाचा हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या सुमारे ४ टक्केच वेदनाशामक अफूजन्य औषध पोहोचत असल्याचे दिसले. जगात दर वर्षी वाटल्या जाणाऱ्या जवळजवळ ३०० टनांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला आले होते एक टनाचा दहावा हिस्सा.

आता, ज्या देशात औषध मुबलक आहे तेथे तरी ते सर्वांना मिळते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील संशोधनाने दिले आहे आणि ते आपण मुळातून समजून घेतले पाहिजे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा आपल्या तरुणांनी नाव घेतले ते अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याचे. त्या लढ्यातील माणसे रुग्णालयात गेल्यावर त्यांचे काय होते, हे मात्र आपल्या चर्चांत फारसे आले नाही.

१९९४ साली चार्ल्स क्लीलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरभर पसरलेल्या कर्करोगाचे १,३०८ रुग्ण तपासले. वेदना असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना पुरेसे औषध मिळत नव्हते, आणि जेथे मुख्यतः काळ्या व इतर अल्पसंख्य समाजाचे रुग्ण येत त्या केंद्रांत ही हयगय होण्याचा संभव तिप्पट होता. २००० साली शॉन मॉरिसन ह्यांच्या गटाने न्यूयॉर्कमधील औषधांच्या दुकानांची पाहणी केली. गोऱ्यांच्या वस्तीतील ७२ टक्के दुकानांत तीव्र वेदनेवरच्या औषधांचा पुरेसा साठा होता, बिगरगोऱ्यांच्या वस्तीत तो २५ टक्के दुकानांत होता. डॉक्टराने प्रामाणिकपणे चिठ्ठी लिहून दिली तरी औषध वस्तीच्या वेशीवर अडत होते!

परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात झालेल्या अभ्यासाने. गोरे वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टर मिळून २२२ जणांना काही विधाने देण्यात आली. काळ्या माणसाची कातडी गोऱ्यापेक्षा जाड असते, हे त्यांतलेच एक. जवळपास निम्म्या जणांनी असले एखादे तरी खोटे विधान कमीअधिक प्रमाणात खरे मानले, आणि ज्यांनी मानले त्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी आखली व औषधही कमी योग्य सुचविले. ह्यांतील कोणी स्वतःला वंशद्वेष्टा म्हणवून घेणार नाही. त्यांना फक्त समोरच्याचे दुखणे कमी वाटते.

हे वाचताना आपल्याकडील वाक्ये आठवतात. "ह्या लोकांचे अंग काटक असते." "ह्यांना सोसायची सवय असते." "बाई, एवढा आरडाओरडा कशाला?" वेदना मोजण्यासाठी शून्य ते दहा आकड्यांची पट्टी असते आणि आकडा रुग्णाने सांगायचा असतो. ज्याच्या शब्दावर तलाठ्यापासून फौजदारापर्यंत कोणी कधी विश्वास ठेवला नाही, त्याने 'नऊ' म्हटल्यावर केसपेपरवर किती लिहिले जाते? वय, लिंग, आजार ह्यांच्या रकान्यांबरोबर जातीचा रकाना ठेवून हे मोजले गेले पाहिजे. समाजशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा विषय हाती घ्यावा. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, असे मानणाऱ्यांनी तर तो घेतलाच पाहिजे.

उपशामक शुश्रूषा म्हणजे शेवटच्या आठवड्यातील काम, हा समजही संशोधनाने मोडीत काढला आहे. बोस्टन येथे फुप्फुसाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर जेनिफर टेमेल ह्यांनी केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यांच्या जोडीला निदानापासूनच ही शुश्रूषा. दुसऱ्या गटात खिन्नता कमी होती, शेवटी शेवटी केला जाणारा उपचारांचा भडिमारही कमी होता, आणि ते जगले सरासरी ११.६ महिने, पहिल्या गटाचे रुग्ण ८.९ महिने.

सॉन्डर्सबाईंनी 'समग्र वेदना' असा शब्द वापरला होता. शरीराची, मनाची, नात्यागोत्याची आणि पैशाअडक्याची वेदना एकात एक गुंतलेली असते असा त्याचा आशय. आपल्याकडे हे समजावून सांगावे लागत नाही. वडिलांना गालापेक्षा माझ्या बहिणीची सुटलेली शाळा जास्त सलत होती. केरळात १९९९ नंतर मलप्पुरम् आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जे जाळे उभे राहिले, त्याने नेमके हेच ओळखले. शिक्षक, विद्यार्थी, मजूर ह्यांनी प्रशिक्षण घेऊन घरोघर जायचे, परिचारिकेने जखम धुवायची, आणि रुग्णाच्या घरी तांदूळ व मुलांच्या शाळेचा खर्चही पोहोचवायचा. २००८ साली केरळ सरकारने ह्यासाठी धोरण आखले आणि ग्रामपंचायतींना त्यात गोवून घेतले. २०१० साली मरणाच्या गुणवत्तेविषयी ४० देशांची जी तुलना झाली तीत भारत चाळिसावा होता. त्याच अहवालात केरळचा उल्लेख मात्र आदराने केलेला आहे. महाराष्ट्रात वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, ते देशातील पहिले हॉस्पिस. परळच्या टाटा रुग्णालयात ह्या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण २०१२ पासून आहे. पण परळ म्हणजे परभणी नव्हे.

एक शंका मात्र नोंदवून ठेवतो. ह्या शास्त्रात घरी मरण येणे चांगले मानले जाते. कोणते घर? एका खोलीत सहा माणसे, नळ बाहेर, संडास त्याहून बाहेर, आणि रोज खाडा करून रुग्णाजवळ बसणारी सून किंवा मुलगी. घरची शुश्रूषा म्हणजे बाईची फुकटची शुश्रूषा असे होणार असेल तर तिचाही हिशेब धरला पाहिजे. तसेच सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, जीवन लांबविणारी यंत्रे नाकारण्याचे इच्छापत्र करता येईल असे ठरविले, आणि २०२३ साली त्याची कार्यपद्धती सोपी केली. निकाल महत्त्वाचा आहे. परंतु ज्यांना अतिदक्षता विभागाच्या दारातूनच परत पाठविले जाते, त्यांच्यासाठी नकाराच्या हक्काआधी गोळीचा हक्क येतो.

रुग्णाबरोबर रुग्णालयात जाणाऱ्या कार्यकर्त्याने म्हणून काही गोष्टी ठामपणे विचाराव्यात. तोंडावाटे घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या येथे आहेत काय? त्या लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर कोण आणि तो कोणत्या वारी बसतो? घरी पाहावयास कोण येईल? "घरी न्या" ह्या वाक्यावर उठून येऊ नये.

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतील एका बाईसाठी आम्ही असे विचारत बसलो. गोळ्या होत्या, कपाटाची किल्ली असलेले गृहस्थ रजेवर होते. तिसऱ्या दिवशी ते आले. त्या रात्री बाई सलग सहा तास झोपली आणि पहाटे उठून तिने चहा मागितला, असे तिचा मुलगा सांगत होता.