दीडशे कोटींचं कर्ज आणि एक गुलाबी गोळा

हॅल लॅबोरेटरी या जपानी कंपनीच्या इतिहासात १९९२ हे साल दोनदा येतं. २७ एप्रिलला तिचा गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा खेळ बाजारात आला, जपानबाहेर 'किर्बीज ड्रीम लँड' म्हणून ओळखला जाणारा. त्याच्या पुढे पन्नास लाखांहून जास्त प्रती खपल्या. आणि त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. फेडायचे होते १५० कोटी येन.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात निन्टेन्डो आणि सोनीसारख्या बड्या नावांवर ढीगभर लिहिलं जातं. मला मात्र हॅलची कहाणी जास्त मोलाची वाटते. कंपनी गाळात गेल्यावर तिची सूत्रं सावकाराने धाडलेल्या हिशेबनिसाकडे गेली नाहीत. ती गेली तिथल्याच एका प्रोग्रामरकडे, आणि तिथून पुढचं सगळं घडलं.

तो प्रोग्रामर म्हणजे सातोरू इवाता, मूळचा होक्काइडोचा. वडील पुढे मुरोरान शहराचे महापौर झाले. हा मुलगा शाळेतच प्रोग्राम करता येणाऱ्या कॅल्क्युलेटरवर बेसबॉलचा खेळ रचून वर्गमित्राला खेळायला देत होता. तोक्योत इंजिनिअरिंग शिकायला आल्यावर इकेबुकुरो भागातल्या सेइबू या मोठ्या दुकानाच्या संगणक विभागात त्याच्या चकरा सुरू झाल्या. तिथे जमणाऱ्या शौकिनांनी अकिहाबारात छोटीशी जागा भाड्याने घेतली आणि फेब्रुवारी १९८० मध्ये हॅल उभी राहिली. नाव ठरवताना आयबीएमच्या प्रत्येक अक्षराच्या आधी येणारं अक्षर निवडलं, म्हणजे आयबीएमच्या एक पाऊल पुढे. एवढी हिंमत त्या पोरांत होती. १९८२ मध्ये पदवी घेऊन इवाता तिथेच पूर्णवेळ रुजू झाला, तेव्हा वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत.

१९८३ च्या जुलैत निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल आला. त्याचा प्रोसेसर ६५०२ या चिपच्या घराण्यातला होता. इवाताने विद्यार्थिदशेत विकत घेतलेल्या कमोडोर पेट संगणकात हीच ६५०२ चिप होती आणि तिची नस न् नस त्याला ठाऊक होती. निन्टेन्डोला 'गोल्फ'चा खेळ हवा होता. अठरा होल्सची माहिती त्या इवल्याशा कार्ट्रिजमध्ये मावणार नाही, म्हणून इतर कंपन्यांनी हात वर केले होते. इवाताने ते काम घेतलं आणि माहिती दाबून बसवण्याची आपली स्वतःची पद्धत लिहून अठराही होल्स आत बसवले.

'बलून फाइट'मध्ये त्याने आणखी बारीक काम केलं. दोन फुगे बांधलेला माणूस पंखासारखे हात मारत तरंगतो, एवढाच तो खेळ. पण त्याचं तरंगणं हिसक्याहिसक्याने होत नाही. पात्राची जागा पडद्यावरच्या ठिपक्यांत न मोजता ठिपक्याच्याही अपूर्णांकात मोजायची, ही युक्ती त्यामागे होती. इवाताने ती निन्टेन्डोबरोबर काम करणाऱ्या तोशिहिको नाकागो यांना समजावून सांगितली. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधलं पाण्याखालचं पोहणं तिच्यावरच उभं आहे.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे फॅमिकॉमच्या नकला 'व्हिडिओ गेम' या नावाने टीव्हीला जोडल्या जायच्या. शेकडो खेळांचा दावा करणाऱ्या त्या पिवळ्या-काळ्या कॅसेटमध्ये 'बलून फाइट' हमखास असायचा. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी मुलांच्या बोटांनी हॅलचं काम ओळखलं होतं, नाव मात्र कुणाला माहीत नव्हतं.

मग इतकी हुशार माणसं असलेली कंपनी बुडाली कशी? धडाधड खेळ काढण्याच्या नादात एकावरही धड हात फिरत नव्हता. 'मेटल स्लेडर ग्लोरी' हा देखणा खेळ चार वर्षं रखडला आणि १९९१ मध्ये आला तेव्हा खर्चाच्या मानाने कमाई झाली नाही. निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची मदतीला तयार झाले, पण अट घातली : इवाताला अध्यक्ष करा. १९९३ मध्ये तेहतीस वर्षांचा इवाता त्या खुर्चीत बसला.

सुरुवातीलाच त्याने कंपनीतल्या ऐंशी-नव्वद जणांशी एकेकट्याने बोलायला घेतलं. कुणाशी वीस मिनिटं, कुणाशी तीन तास. तुम्ही सध्या खूश आहात का, असं विचारूनच सुरुवात व्हायची. हे बोलणं एकदाच झालं नाही, दरवर्षी दोनदा होत राहिलं. प्रोग्राम कुठे अडतो हे शोधायचं तर तो ओळ न् ओळ वाचावा लागतो, तशीच त्याने कंपनी वाचली. दरवर्षी २५ कोटी येन याप्रमाणे सहा वर्षांत कर्ज फिटलं.

'किर्बीज ड्रीम लँड'मधल्या ज्या किर्बीने कंपनीला तारलं, त्याचा जनक मासाहिरो साकुराई तो खेळ घडवताना जेमतेम विशीचा होता. कीबोर्डही त्याच्या वाट्याला नव्हता. फॅमिकॉमचाच एक प्रकार असलेल्या 'ट्विन फॅमिकॉम'ला ट्रॅकबॉल जोडून, पडद्यावर एकेक आकडा निवडत त्याने तो खेळ रचला. खरं पात्र चितारून होईपर्यंत चाचणीसाठी म्हणून त्याने एक साधा गोळा टाकला होता. तो इतका आवडला की तोच नायक झाला. खेळ आधी 'ट्विंकल पोपो' नावाने निघणार होता, जाहिराती झाल्या होत्या, सुमारे २६ हजारांची आगाऊ मागणीही आली होती. निन्टेन्डोच्या शिगेरू मियामोतोंचं म्हणणं पडलं की थोडं आणखी घडवलं तर हा खूप मोठा होईल. पैशांची चणचण असताना हॅलने ती मागणी रद्द केली. हा निर्णय मला त्या खेळाइतकाच मोठा वाटतो. आणि रंग? गेमबॉयच्या पडद्यावर रंगच नव्हता. साकुराईच्या मनात किर्बी गुलाबी होता, मियामोतोंच्या मनात पिवळा आणि अमेरिकेतल्या डब्यावर तो पांढराच छापला गेला.

अध्यक्ष झाल्यावरही इवाताचा प्रोग्रामिंगवरचा हात सुटला नाही. लेखक शिगेसातो इतोई यांचा 'मदर २' हा खेळ चार वर्षं अडकून पडला होता. आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं, नव्याने रचायचा तर सहा महिने, असं त्याने स्वच्छ सांगितलं; पण निवड इतोईंवर सोडली. नव्याने रचायचं ठरलं. त्याने आधी सगळ्यांना वापरता येतील अशी साधनं तयार केली, म्हणजे काम एकाच माणसापाशी तुंबणार नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये खेळ बाजारात आला. साकुराईने आखलेल्या मारामारीच्या खेळाचा पहिला नमुनाही इवातानेच सुट्टीच्या दिवशी बसून लिहिला. १९९९ मध्ये तो 'सुपर स्मॅश ब्रदर्स' म्हणून गाजला.

२००० मध्ये निन्टेन्डोने त्याला कंपनी नियोजनाचा प्रमुख म्हणून बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी 'स्मॅश'चा दुसरा भाग मुदतीत पुरा होईना, तेव्हा हा बडा अधिकारी यामानाशीतल्या हॅलच्या कार्यालयात जाऊन तीन आठवडे चुका शोधत बसला. २००२ मध्ये तो निन्टेन्डोचा अध्यक्ष झाला, यामाउची घराण्याबाहेरचा पहिला. २०१५ च्या जुलैत, पंचावन्नाव्या वर्षी, तो गेला.

साकुराईने २००३ मध्येच हॅल सोडली होती. तरी तिथल्या कामाची जात बदलली नाही. २०२२ मध्ये 'किर्बी अँड द फरगॉटन लँड' आला, किर्बीच्या मुख्य मालिकेतला पहिला पूर्ण त्रिमित खेळ. इतका उशीर का, याचं कारण त्या गोळ्यातच आहे. पाठीमागून पाहिलं तर किर्बीचं तोंड कुठे आहे तेच कळत नाही, त्यामुळे त्रिमित जगात नेम चुकतो. हॅलने त्यावर असा तोडगा काढला की प्रत्यक्षात वार थोडा हुकला असला, तरी खेळणाऱ्याला जिथून दिसतं तिथून तो लागल्यासारखा वाटत असेल तर लागला असंच धरायचं.